गेटवरचा १२ तासांचा पहारा कायद्यात बसतो का?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे याबद्दल संदिग्धता राहणार नाही. आपण महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात कार्मिक अधिकारी आहात. कारखान्याला दोन गेट आहेत आणि दोन्हींवर चोवीस तास पहारा असतो. सुरक्षा एजन्सीचे चार रक्षक तो सांभाळतात. प्रत्येक गेटवर एक जण सकाळी आठ ते रात्री आठ आणि दुसरा रात्री आठ ते सकाळी आठ. ज्या मोठ्या कंपनीला आपण माल पुरवता तिच्या तपासनीसाने या पाळीवर आक्षेप नोंदवला आहे. एजन्सीचे म्हणणे असे, की रक्षक उत्पादनाचे काम करत नाही म्हणून कारखान्याच्या कायद्याचे तास त्याला लागू नाहीत. पहाऱ्याचे काम बसून करायचे आणि हलके असते. शिवाय रक्षकांनी स्वतः लेखी संमती दिलेली आहे. १२ तासांची पाळी कायदेशीर आहे का, आणि नसेल तर कमीत कमी कोणता बदल करावा, असे आपण विचारले आहे.

सरळ उत्तर असे, की आपण वर्णन केलेली पाळी कायदेशीर नाही आणि कागदपत्रांत फेरफार करून ती कायदेशीर होणारही नाही. मात्र आपण प्रश्न पाळीच्या लांबीचा समजता आहात, तर माझ्या मते तो माणसांच्या संख्येचा आहे. आठवड्याचे तास १६८. एक गेट चोवीस तास सांभाळायचे म्हणजे हे १६८ तास कोणीतरी भरून काढले पाहिजेत. दोनच माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ८४ तास येतात, आणि आठवड्याची कायदेशीर मर्यादा ४८ तासांची आहे. पाळी आठची ठेवा, दहाची ठेवा किंवा बाराची, १६८ ला ४८ ने भागले की साडेतीनच येतात. एका गेटला साडेतीन माणसे आणि दोन गेटना सात. आपल्याकडे चार आहेत. तपासनीसाने बोट ठेवले आहे ते पाळीवर, पण खरी उणीव या तीन माणसांची आहे.

मी गेली पंचवीसेक वर्षे कारखान्यांना कामगार कायद्यांच्या अंमलबजावणीबाबत सल्ला देतो, आणि त्याआधी काही वर्षे स्वतः कार्मिक विभागात काम केले आहे. या काळात पहाऱ्याच्या पाळ्यांचा प्रश्न अनेक रूपांत माझ्यासमोर आला. त्यामुळे कोणत्या गोष्टी परिस्थितीनुसार बदलतात आणि कोणत्या बदलत नाहीत, हे आधी वेगळे करून सांगतो. रक्षक कारखान्याच्या स्वतःच्या पटावर आहे, एजन्सीचा आहे की राज्याच्या कायद्याखालील सुरक्षा रक्षक मंडळाचा आहे, यावर वेतन कोणी द्यायचे आणि नोंदी कोणी ठेवायच्या हे ठरते. राज्य सरकारने कोणत्या वर्गाला सूट दिली आहे, यावर दिवसाची मर्यादा थोडी पुढेमागे होऊ शकते. कोणत्या काळाबद्दल आपण बोलतो आहोत, यावर कोणत्या कायद्याचे कलम लावायचे ते ठरते. परंतु यांपैकी कोणत्याही वाटेने गेले तरी आठवड्याला ८४ तासांना मान्यता मिळत नाही.

कायद्याच्या काळाचा मुद्दा आधी संपवतो, कारण सध्या गोंधळ तिथेच जास्त आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने (पुढे नुसती ‘संहिता’) घेतली. तरीही जुना कायदा बाजूला टाकून चालत नाही. त्याखालचे नियम आणि अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, आणि त्या तारखेपूर्वीच्या जादा कामाची थकबाकी मागितली गेली तर हिशेब जुन्या कलमांनीच करावा लागतो. म्हणून पुढे मी दोन्ही सांगत जाईन.

आता एजन्सीचा पहिला मुद्दा. कारखाने अधिनियमात ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या उत्पादनप्रक्रियेपुरती मर्यादित नव्हती. उत्पादनप्रक्रियेला आनुषंगिक किंवा तिच्याशी संबंधित असलेले कोणतेही काम करणारा माणूस तिच्यात येत होता, आणि तो थेट नेमलेला असो की कंत्राटदारासह कोणत्याही एजन्सीमार्फत आलेला असो, मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो, व्याख्या लागूच होती. कच्च्या मालाचे ट्रक आत घेणारा, वजनाची पावती तपासणारा, तयार माल बाहेर जाताना गेटपास जुळवून पाहणारा आणि आग लागल्यास पहिला भोंगा वाजवणारा माणूस उत्पादनाशी संबंधित नाही, असे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. तरीही या व्याख्येवर वाद घालायला जागा होती हे मान्य केले पाहिजे. कारखान्यापासून दूर असलेल्या वसाहतीच्या किंवा अतिथिगृहाच्या रक्षकाबाबत तो वाद प्रामाणिकही असू शकत होता. संहितेने ही जागा बरीच अरुंद केली आहे. तिच्यातील ‘कामगार’ ही व्याख्या उद्योगात वेतनावर अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, कार्यकारी, लिपिकी किंवा पर्यवेक्षणाचे काम करणाऱ्या माणसाला लागू होते. व्यवस्थापकीय पदावरचे आणि ठरावीक वेतनापेक्षा जास्त घेणारे पर्यवेक्षक तेवढे वगळले आहेत. गेटवरचा रक्षक या व्याख्येत सरळ बसतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहारा आणि सुरक्षा सेवा ही कारखान्याच्या मुख्य कामांत मोडत नाही, असे संहितेत म्हटले आहे खरे. काही एजन्सी हे वाक्य दाखवून रक्षक कायद्याबाहेर असल्याचे सांगतात. पण ते वाक्य कंत्राटी कामगार कोणत्या कामांवर लावता येतील एवढ्यापुरते आहे. त्यामुळे आपल्याला पहारा कंत्राटाने देता येतो. रक्षकाचे तास मोकळे सुटत नाहीत.

प्रत्यक्ष मर्यादा पाहू. जुन्या कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाचा एकूण विस्तार (स्प्रेड ओव्हर), म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा वेळ, विश्रांतीसह साडेदहा तासांच्या आत, असे चार निकष एकाच वेळी पाळावे लागत. आठ ते आठ ही पाळी यांपैकी तीन निकष उघडच मोडते, आणि एकट्या रक्षकाच्या गेटवर चौथाही मोडते, कारण त्याला अर्धा तास सोडवायला कोणीच नसते. गेटवर बसून डबा खाणे आणि मध्येच उठून ट्रकसाठी साखळी काढणे याला विश्रांती म्हणत नाहीत; तो वेळ कामाचाच धरावा लागतो. नव्या संहितेत दिवसाची मूळ मर्यादा ८ तासांवर आणली आहे, आठवड्यात ६ दिवसांपेक्षा जास्त काम करवून घेता येत नाही, आणि विश्रांती व विस्तार ठरवण्याचे अधिकार सरकारकडे आहेत.

साप्ताहिक सुट्टीबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण पहाऱ्याच्या कामात तीच सर्वांत आधी गिळली जाते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य असताना आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. एवढ्या जुन्या या गोष्टी गेटच्या आतल्या माणसाला मिळतात आणि गेटवरच्या माणसाला मिळत नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या चार रक्षकांना साप्ताहिक सुट्टी कशी मिळते, हे आपण लिहिलेले नाही. दिवसपाळी आणि रात्रपाळी कशी बदलते, हेही लिहिलेले नाही. मी अंदाज करतो, की बदलाच्या दिवशी एक जण सलग २४ तास थांबतो आणि दुसऱ्याला तेवढीच सुट्टी मिळते, किंवा दोघे अठरा-अठरा तास काढतात. दोन माणसांच्या गेटवर तिसरा मार्गच नसतो. तपासनीसाच्या लक्षात हे अजून आले नसेल, तर येईल.

दुसरा मुद्दा, काम हलके आणि अधूनमधूनचे असल्याचा. हा युक्तिवाद कायद्याला नवा नाही आणि कायद्याने त्याचे उत्तरही दिलेले आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ६४ खाली राज्य सरकारला काही वर्गांना तासांच्या बंधनातून सूट देणारे नियम करता येत होते, आणि ज्यांचे काम स्वभावतःच थांबून थांबून चालते असे कामगार त्यांत होते. पण ही सूट देतानाही सरकारवर मर्यादा होती: दिवसाला १० तास, विस्तार १२ तास, जादा कामासह आठवड्याला ६० तास आणि तिमाहीत जादा काम ५० तास. तातडीचे दुरुस्तीकाम एवढाच त्याला अपवाद. शिवाय अशी सूट मिळाली तरी जादा कामाचे दुप्पट वेतन टाळता येत नव्हते. म्हणजे पहारा हे अधूनमधूनचे काम आहे हे एजन्सीचे म्हणणे पूर्ण मान्य केले, तरी दिवसाचे दहाच तास मिळतात आणि आठवड्याचे साठच; बारा आणि चौऱ्याऐंशी मिळत नाहीत.

१२ तासांपर्यंत जाणारे कलम होते ते ६५. त्याखाली, कामाचा अपवादात्मक ताण असेल तेव्हा आणि मुख्य निरीक्षकांच्या लेखी आदेशाने, दिवसाला १२ तास, विस्तार १३ तास आणि आठवड्याला ६० तासांपर्यंत जाता येत असे. सलग सात दिवसांपेक्षा जास्त जादा काम देता येत नसे आणि तिमाहीची मर्यादा ७५ तासांची होती, जी महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ११५ केली. चोवीस तासांचा पहारा मात्र वर्षभर रोजचा असतो. त्यात अपवादात्मक ताण कुठला? सणासुदीला मालाची ये-जा वाढली म्हणून आठवडाभर परवानगी घेणे समजू शकते. कायमच्या पाळीसाठी हे कलम नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन तासांची मर्यादा ९ वरून १२ करण्याच्या आणि तिमाहीतील जादा काम ११५ वरून १४४ तास करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, आणि त्या बातमीनंतर मला अनेक एजन्सींचे दूरध्वनी आले की आता बाराची पाळी खुली झाली. ती बातमी नीट वाचली तर त्या निर्णयातही आठवड्याचे ४८ तास तसेच होते आणि त्यापुढचे काम दुप्पट वेतनाचे होते. आपला रक्षक आठवड्याला ८४ तास भरतो, म्हणजे ३६ तास जादा. तिमाहीच्या १३ आठवड्यांत हे ४६८ तास होतात. मर्यादा ७५ धरा, ११५ धरा की १४४ धरा, चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आतच ती संपते. साप्ताहिक सुट्टी देऊन ७२ तास करवून घेतले, तरी तिमाहीला ३१२ तास जादा होतात. चार दिवसांच्या आठवड्याची चर्चाही आपण ऐकली असेल. चार दिवस बारा-बारा तास आणि तीन दिवस सुट्टी अशी रचना जिथे मान्य असेल तिथे ४८ तास बरोबर भरतात, पण एका गेटच्या आठवड्यातील १४ पाळ्यांना चारने भागले की पुन्हा साडेतीन माणसेच लागतात.

टाळेबंदीच्या काळातील एक निकाल इथे सांगण्यासारखा आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मोकळीक दिली आणि जादा तासांचे वेतन साध्या दराने देण्यास परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरात मजदूर सभेच्या याचिकेवर ती रद्द केली आणि त्या काळातील जादा कामाचे वेतन कायद्याच्या दराने देण्याचा आदेश दिला. साथीच्या काळात राज्य सरकारला जे करता आले नाही, ते एजन्सीच्या करारनाम्यातील एका ओळीने होईल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये.

तिसरा मुद्दा संमतीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात थोडे सत्य आहे. संहितेच्या कलम २७ प्रमाणे कामगाराच्या संमतीशिवाय जादा काम देता येत नाही. म्हणजे संमती ही जादा कामाची पहिली पायरी आहे. संमती मिळाली म्हणून एकूण मर्यादा वाढत नाही आणि दुप्पट वेतनही टळत नाही. कायद्याने दिलेला किमान हक्क कामगाराने सही करून सोडला तरी तो सुटत नाही.

परंतु रक्षक ती सही का करतो, हेही पाहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात ८ तासांच्या पाळ्या सुरू करवल्या. मला वाटले होते की रक्षक आभार मानतील. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यापैकी सर्वांत ज्येष्ठ रक्षक माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही चार तास वाचवले, पण घरी पाठवायचे पैसे कमी झाले. आता मी सुटल्यावर शेजारच्या कंपनीत रात्रीची ड्युटी धरली आहे.” तेव्हा मला माझी चूक कळली. मी तास मोजले होते आणि हातात पडणारी रक्कम पाहिली नव्हती. गावाकडून आलेला, खोलीत पाच-सहा जणांसह राहणारा माणूस जास्त तास मागतो, कारण ८ तासांच्या वेतनात त्याचे भागत नाही. त्यानंतर मी पाळी बदलण्याचा सल्ला देताना वेतनाचा दर आधी तपासतो आणि मगच तासांना हात लावतो.

तो दर कसा तपासायचा, हे सांगतो. किमान वेतन सामान्य कामाच्या दिवसासाठी असते. १२ तासांच्या ड्युटीत पहिले ८ तास साध्या दराने आणि पुढचे ४ तास दुप्पट दराने धरले, तर ८ अधिक ८ असे १६ तासांचे वेतन होते. म्हणजे १२ तासांच्या एका ड्युटीचे कायदेशीर वेतन दोन दिवसांच्या वेतनाएवढे असते. एजन्सीने आपल्याला ‘१२ तासांचा दर’ म्हणून जो आकडा दिला आहे, त्यातून तिचे सेवाशुल्क, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि इतर वाटे वजा करा, आणि रक्षकाच्या हातात पडणारी दिवसाची रक्कम किमान वेतनाच्या दुप्पट भरते का ते पाहा. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा दीडपटही नसते.

आता आपल्या व्यवस्थापनाला पटेल असा हिशेब. एका गेटवर दोन रक्षकांनी आठवड्याला ८४ तास भरले आणि त्यांना कायद्याप्रमाणे वेतन दिले, तर प्रत्येकाला ४८ तास साध्या दराने आणि ३६ तास दुप्पट दराने, म्हणजे १२० तासांचे वेतन द्यावे लागेल. दोघांचे मिळून २४०. तेच १६८ तास साडेतीन माणसांनी ४८ तासांच्या मर्यादेत भरले तर १६८ तासांचेच वेतन लागते. म्हणजे कायद्याने वेतन दिले तर १२ तासांची पाळी महाग पडते. ती स्वस्त वाटते याचा अर्थ एका गेटमागे दर आठवड्याला ७२ तासांच्या वेतनाएवढी रक्कम रक्षकांना दिली जात नाही. ही रक्कम नाहीशी होत नाही, ती थकबाकी म्हणून साचत राहते.

ही थकबाकी अंगावर कोणाच्या येते, हे आपल्या वरिष्ठांना स्पष्ट सांगा. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे इथे आपल्या कारखान्याने, ते द्यावे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे, हा नियम १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होता आणि संहितेतही कायम आहे. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, प्राधिकारी दाव्याच्या रकमेखेरीज तिच्या दहापटींपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि वेतन दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. एजन्सीच्या दृष्टीनेही धोका लहान नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ च्या अनुसूचीत वेतन आणि किमान वेतनाचे कायदे आहेत आणि त्यांच्या उल्लंघनावरून तिचा परवाना रद्द होऊ शकतो. तिसरी गोष्ट, आपल्या भागात महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ खालचे मंडळ असेल, तर रक्षक मंडळाकडे नोंदलेले तरी हवेत किंवा एजन्सीला त्या कायद्याखालची सूट तरी हवी. सूट दिल्याचा आदेश एजन्सीकडून मागून घ्या आणि त्यातील अटी वाचा. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

नोंदींबद्दल एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कारखान्यात मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, प्रत्येक रक्षकाचे ८ तास होते, तीन पाळ्या होत्या, सर्व सह्या जागच्या जागी होत्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मस्टर बाजूला ठेवले आणि गेटवरची वाहनांची आवक-जावक वही मागवली. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी पावणेआठपर्यंत एकाच माणसाचे अक्षर, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुसऱ्याचे अक्षर, आणि हे महिनोन्‌महिने. चार्ज वहीतही दिवसाला दोनच वेळा चार्ज दिल्या-घेतल्याची नोंद होती. मस्टरमधला तिसरा माणूस अस्तित्वातच नव्हता. तास जास्त झाले हा एक दोष होता. खोटी नोंद ठेवली हा त्याहून मोठा ठरला, आणि व्यवस्थापकांना त्याचे उत्तर देता आले नाही.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सात माणसे नेमली तरी कधीतरी रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा रक्षक, येणार नाही, पाऊस असेल, कोणाच्या घरी मयत असेल, आणि ड्युटीवरच्या माणसाला गेट सोडून जाता येणार नाही. अशी डबल ड्युटी कधीच होणार नाही असे कोणी सांगत असेल तर त्याने गेट चालवलेले नाही. माझा सल्ला असा असतो, की अशा प्रसंगी रक्षकाला पाळीच्या अर्ध्याहून जास्त थांबवू नये. आठ तासांची पाळी संपल्यावर त्याने चार तास थांबावे आणि पुढच्या पाळीवाल्याला चार तास आधी बोलवावे. जेवढा वेळ थांबला तेवढा मस्टरवर खरा लिहावा, त्याचे दुप्पट वेतन त्याच महिन्यात द्यावे, आणि एजन्सीच्या फील्ड ऑफिसरकडून प्रत्येक वेळी लेखी कारण घ्यावे. महिन्यात असे प्रसंग दोन-तीनदा आले तर ती अडचण समजावी. दहा-बारा वेळा आले तर माणसेच कमी नेमली आहेत असे समजावे. सलग सोळा-अठरा तास उभ्या असलेल्या माणसाला पहाटे झोप लागली म्हणून निलंबित केल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. अशा चौकशीत माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की तो किती वाजल्यापासून ड्युटीवर होता.

आपण कमीत कमी बदल विचारला आहे. दोन गेटना आठवड्यात ४२ पाळ्या लागतात, एका रक्षकाच्या सहा, म्हणून सात रक्षक: सहा जण ठरलेल्या पाळ्यांवर आणि सातवा प्रत्येकाच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या जागी. रजा आणि आजारपण धरता आठवा माणूस एजन्सीच्या यादीवर तयार असावा. तो रोज गेटवर असण्याची गरज नाही. पाळी सहा, दोन आणि दहा अशी ठेवली तर कारखान्याच्या पाळ्यांशी जुळते, पण पाळी सुटताना गेटवर झुंबड असते, म्हणून रक्षकांची पाळी अर्धा तास आधी बदलणे मला अधिक सोयीचे वाटले आहे. चार्ज देण्याघेण्याची दहा-पंधरा मिनिटे कामाच्या वेळेत धरा. विश्रांतीच्या अर्ध्या तासासाठी दुसऱ्या गेटचा रक्षक किंवा सुपरवायझर यांपैकी कोण जागा घेईल ते नावानिशी ठरवा. पाळी आठवड्याने बदलत असेल तर बदल साप्ताहिक सुट्टीला जोडून करा, म्हणजे रात्रपाळीतून उठलेल्या माणसाला सकाळीच पुन्हा उभे राहावे लागणार नाही. दुसरे गेट रात्री खरोखर लागते का, हेही विचारून पाहा. रात्री दहा ते सकाळी सहा ते कुलूपबंद ठेवता आले, तर त्या गेटच्या आठवड्याच्या ७ पाळ्या वाचतात आणि सहा माणसांत काम होते. तसे करण्यापूर्वी ते आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग नाही ना, हे सुरक्षा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

एजन्सीशी करार करताना ‘चार रक्षक, १२ तास’ अशी भाषा बदलून प्रत्येक गेटचे आठवड्याचे तास लिहा आणि कोणत्याही रक्षकाचे आठवड्याचे नियमित तास ४८ पेक्षा जास्त होणार नाहीत असे स्पष्ट कलम घाला. बिलासोबत मस्टर, वेतनपत्रक आणि बँकेत जमा झालेल्या रकमेचा पुरावा मागा. आजचे चारही रक्षक कायम ठेवा आणि नवे तीन घ्या. जुन्या माणसांची मिळकत एकदम घसरू नये म्हणून निदान पहिल्या काही महिन्यांत त्यांना मर्यादेतले जादा काम, त्यांच्या संमतीने आणि दुप्पट दराने, आधी द्या. वर सांगितलेली माझी चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

व्यवस्थापनाच्या बैठकीला जाण्यापूर्वी एक काम करा. मागील तीन महिन्यांच्या चार्ज वह्या आणि मस्टर शेजारी ठेवून प्रत्येक रक्षकाचे खरे तास स्वतः काढा, ४८ च्या वरचे तास वेगळे करा आणि त्यांचे दुप्पट वेतन वजा दिलेली रक्कम असा आकडा कागदावर लिहा. चार रक्षकांचा तीन महिन्यांचा हा आकडा पाहिल्यावर तीन नव्या माणसांचा खर्च व्यवस्थापनाला वेगळा दिसू लागतो. थकबाकी देण्याचा प्रस्तावही त्याच कागदावर मांडा, कारण सोमवारपासून पाळ्या सुधारल्या तरी मागच्या तासांचे वेतन त्या चौघांना देणे लागतेच.